डेटाबेस बॅकअप व पुनर्प्राप्ती (सोलापूरच्या संदर्भात)

संगणकावर राखलेल्या नोंदींचा सुसंघटित साठा, म्हणजे डेटाबेस, यंत्रबिघाड, मानवी चूक, हल्ला किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे नष्ट अथवा भ्रष्ट झाला, तर तो एका निश्चित क्षणाच्या सुसंगत अवस्थेत पुन्हा उभा करता यावा, यासाठी त्याच्या प्रती व त्यात होत गेलेल्या बदलांच्या नोंदी मूळ जागेपासून वेगळ्या राखून ठेवण्याच्या कामाला बॅकअप म्हणतात; त्या प्रतींवरून डेटाबेस पुन्हा वापरात आणण्याच्या कामाला पुनर्प्राप्ती म्हणतात. ही दोन्ही कामे डेटाबेस प्रशासकाच्या प्रमुख कर्तव्यांत मोडतात. त्यांपैकी साध्य पुनर्प्राप्ती हे असून बॅकअप हे तिचे साधन आहे. बॅकअप कोणत्या प्रकारचा, किती वेळा आणि कोठे घ्यायचा, हे प्रश्न त्या साध्यापासून मागे मोजत आल्यावरच सुटतात.

सोलापूर शहर व जिल्ह्यात या कामाचा संबंध केवळ माहिती तंत्रज्ञान कंपन्यांपुरता नाही. साखर कारखान्यांची ऊसनोंदणी व वजनकाट्याचे हिशोब, श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातील अडत्यांच्या पट्ट्या, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या चादर व टॉवेल कारखान्यांचा सुताचा साठा आणि निर्यातीची कागदपत्रे, विडी कारखान्यांतील कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, नागरी सहकारी बँका व पतसंस्थांची खाती, रुग्णालयांतील तपासणी अहवाल, तसेच २००४ साली स्थापन झालेल्या व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर विद्यापीठाच्या परीक्षा-नोंदी, या सगळ्यांमागे कोणता ना कोणता डेटाबेस असतो. महानगरांतील मोठ्या कंपन्यांत जे काम स्वतंत्र पथक पाहते, ते येथे बहुधा एकाच माणसाकडे असते. साखर कारखान्यात तो ईडीपी (संगणकीय माहिती-प्रक्रिया) विभागाचा प्रमुख असतो, पतसंस्थेत संगणकाची माहिती असलेला लेखापाल असतो, तर छोट्या कारखान्यात सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीचा, पुण्यात बसून फोनवर आणि एनीडेस्क या दूरवरून संगणक हाताळण्याच्या सॉफ्टवेअरवर काम पाहणारा अभियंता असतो. हुद्दा कोणताही असो, बॅकअपची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो त्या कामापुरता डेटाबेस प्रशासकच होय, आणि पुढील विवेचन त्याला तितकेच लागू आहे.

किती गमावणे चालेल : पुनर्प्राप्तीची आखणी दोन मर्यादांवर उभी असते. पहिली मर्यादा म्हणजे किती काळाच्या नोंदी गेल्या तरी संस्था निभावून नेईल. तिला व्यवसायात आरपीओ म्हणतात. दुसरी मर्यादा म्हणजे काम किती वेळ बंद राहिलेले चालेल. ती आरटीओ होय. दररोज रात्री एकदाच बॅकअप होत असेल आणि डिस्क संध्याकाळी सहा वाजता बंद पडली, तर त्या दिवसाचे संपूर्ण काम गेले असे समजावे लागते. हे नुकसान परवडणारे आहे की नाही, हे प्रशासकाने एकट्याने ठरवण्याचे नाही. तो निर्णय संचालक मंडळाचा किंवा मालकाचा आहे, आणि त्यांच्यापुढे तो साध्या शब्दांत व लेखी स्वरूपात मांडणे हे प्रशासकाचे काम आहे. बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही, व सॉफ्टवेअर बसवताना जे वेळापत्रक लागले तेच वर्षानुवर्षे चालू राहते.

ही मर्यादा ठरवताना एक कसोटी फार उपयोगी पडते: गेलेली नोंद दुसऱ्या कोणत्या कागदावरून पुन्हा भरता येईल का? बाजार समितीतील अडत्याकडे शेतकऱ्याला दिलेल्या हिशोबपट्टीची कार्बन प्रत असते; लिलावाच्या दिवशीचा डेटाबेस गेला, तर ऐन कांद्याच्या हंगामातही दोन-तीन लेखनिक रात्र जागून त्या दिवसाच्या पट्ट्या पुन्हा भरू शकतात. काम कष्टाचे असले तरी शक्य असते. साखर कारखान्याच्या काट्याचे तसे नाही. गाळप हंगामात तेथे ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या तिन्ही पाळ्यांत येत राहतात, आणि भरलेल्या व रिकाम्या वाहनाच्या वजनांतील फरकावर ऊस उत्पादकाचे बिल, तोडणी टोळीची मजुरी, मुकादमाचे कमिशन व वाहतूकदाराचे भाडे अशी अनेकांची देणी उभी राहतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची रक्कम १४ दिवसांच्या आत द्यावी लागते. त्यामुळे वजनाच्या नोंदी शोधत बसायला कारखान्याला सवड नसते. काट्याच्या पावत्या छापील असल्या, तरी त्या गावोगाव वाटल्या गेलेल्या असतात. रुग्णालयातील यंत्रातून थेट डेटाबेसात गेलेला अहवाल तर कागदावर कधी उतरलेलाच नसतो, आणि महिन्यापूर्वीचे रक्त पुन्हा तपासता येत नाही. म्हणून ज्या नोंदींना दुसरा आधार नाही, त्यांच्यासाठी मिनिटांची मर्यादा धरावी आणि ज्यांना आहे त्यांच्यासाठी तासांची धरली तरी चालेल. एकाच संस्थेत दोन्ही प्रकार नांदत असतील, तर त्यांचे डेटाबेस वेगळे ठेवून वेळापत्रकेही वेगळी लावणे श्रेयस्कर.

बदलांची नोंदवही : पुनर्प्राप्ती शक्य होते ती डेटाबेसच्या अंतर्गत रचनेतील एका नियमामुळे. कोणताही बदल मूळ तक्त्यात कायम होण्याआधी त्याची क्रमवार नोंद एका स्वतंत्र फाइलीत डिस्कवर पक्की झाली पाहिजे, असा तो नियम आहे. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो व मग खतावणीत उतरतो, आणि खतावणी फाटली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते. येथील व्यवस्था नेमकी तशीच आहे. या फाइलीला थोडक्यात लॉग म्हणतात. प्रचलित डेटाबेस प्रणालींपैकी ओरॅकलमध्ये तिला रीडू लॉग, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग, तर पोस्टग्रेसमध्ये वॉल म्हणतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबी साठवण यंत्रणेचा स्वतःचा रीडू लॉग असतो, आणि त्याशिवाय बिनलॉग ही व्यवहारांची वेगळी नोंद राखली जाते. या पद्धतीचे सर्वांत परिणामकारक शास्त्रीय विवेचन आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणारे व आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केले. वीज गेल्यावर डेटाबेस पुन्हा सुरू होतो तेव्हा तो प्रथम लॉग वाचून काय चालू होते याचा अंदाज घेतो, मग नोंदलेले सर्व बदल पुन्हा लागू करतो, आणि शेवटी अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेतो, हा तीन टप्प्यांचा क्रम त्यात घालून दिला आहे. पुढील अनेक डेटाबेस प्रणालींवर त्याचा ठसा आहे.

वीज अचानक जाण्याचा अनुभव जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींना नवा नाही, आणि अशा वेळी डेटाबेस आपोआप सावरतो तो याच व्यवस्थेमुळे. मात्र हे सावरणे डिस्क शाबूत असेल तरच होते. शिवाय डिस्कने ‘लिहिले’ असे सांगितलेली नोंद प्रत्यक्षात तिच्या तात्पुरत्या स्मृतीतच असेल, तर वरचा नियमच मोडतो. त्यामुळे सर्व्हरला चांगल्या बॅटरीचा यूपीएस असणे आणि वीज गेल्यावर सर्व्हर रीतसर बंद होण्याची व्यवस्था असणे, या गोष्टी बॅकअपच्या विषयात मोडत नसल्या तरी त्याच्या आधी येतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचा बारीक धुरळा संगणकाच्या पंख्यांत जाऊन बसतो. सर्व्हर माग-खात्यापासून दूर, बंद व थंड खोलीत ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

बॅकअपचे प्रकार : तार्किक बॅकअपमध्ये डेटाबेसातील तक्ते व त्यांतील मजकूर आज्ञांच्या किंवा ओळींच्या रूपात बाहेर काढला जातो. पोस्टग्रेसचे पीजी डंप आणि मायएसक्यूएलचे मायएसक्यूएल डंप ही त्याची परिचित साधने आहेत. अशी प्रत वेगळ्या आवृत्तीच्या प्रणालीत भरता येते, तीतून एखादा तक्ताच काढता येतो, आणि छोट्या डेटाबेसला ती पुरते. परंतु मोठा डेटाबेस तिच्यावरून उभा करताना सर्व अनुक्रमणिका (शोध जलद करणाऱ्या याद्या) पुन्हा बांधाव्या लागतात व त्यात पुष्कळ वेळ जातो. भौतिक बॅकअपमध्ये डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा, पण प्रणालीच्या संमतीने उचलल्या जातात. ओरॅकलमध्ये हे काम १९९७ पासून आरमॅन हे साधन करते, पोस्टग्रेसमध्ये पीजी बेसबॅकअप. डेटाबेस चालू असताना त्याच्या फोल्डरची सरळ कॉपी-पेस्ट करणे हा भौतिक बॅकअप नव्हे. प्रत घेता घेता फाइलीचा एक भाग जुना व दुसरा नवा असा उचलला जातो, आणि ती प्रत दिसायला पूर्ण असली तरी उघडत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे उघडते आणि चुकीची उत्तरे देते. मायएसक्यूएल डंप वापरताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला नाही, तर निरनिराळे तक्ते निरनिराळ्या क्षणांचे निघू शकतात किंवा तक्ते कुलूपबंद होऊन सर्व काम अडकू शकते, हेही याच प्रकारात येते.

भौतिक बॅकअप पूर्ण, अंतरात्मक (मागील पूर्ण प्रतीनंतरचे सर्व बदल) किंवा वाढीव (मागील कोणत्याही प्रतीनंतरचे बदल) असू शकतो. पूर्ण प्रत आठवड्यातून एकदा, त्यानंतर बदललेल्या पानांची, म्हणजे फाइलीच्या छोट्या तुकड्यांची, प्रत रोज, आणि लॉगची प्रत दर काही मिनिटांनी, हा प्रचलित क्रम आहे. पोस्टग्रेसमध्ये वाढीव बॅकअपची अंगभूत सोय १७ व्या आवृत्तीत, २०२४ साली आली.

जिल्ह्यातील छोट्या संस्थांत एसक्यूएल सर्व्हर पुष्कळ वापरला जातो, आणि त्याच्या बाबतीत दोन अडचणी वारंवार आढळतात. मोफत मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत एजंट ही वेळापत्रक चालवणारी सेवा नसते. त्यामुळे बॅकअपची आज्ञा विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये वेगळी लावावी लागते, आणि विंडोजचा पासवर्ड बदलला की ती निमूट बंद पडते. दुसरी अडचण रिकव्हरी मॉडेलची, म्हणजे लॉग किती जपायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगची; ‘फुल’मध्ये तो बॅकअप होईपर्यंत जपला जातो, ‘सिंपल’मध्ये आपोआप रिकामा होतो. ‘फुल’ मॉडेलमध्ये लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेतला नाही, तर लॉग फाइल फुगत जाऊन डिस्क भरते. मग कोणीतरी घाईने मॉडेल ‘सिंपल’ करतो व फाइल आकसवतो. डिस्क मोकळी होते, पण लॉगची साखळी तुटते, आणि त्या क्षणापासून पुढे हव्या त्या मिनिटापर्यंत परत जाण्याची सोय संपते. मॉडेल पुन्हा ‘फुल’ केल्यावर लगेच नवा पूर्ण किंवा अंतरात्मक बॅकअप घेतल्याशिवाय साखळी सुरू होत नाही. पोस्टग्रेसमध्येही लॉग बाहेर नेणारी आज्ञा अयशस्वी होत राहिली, तर वॉलच्या १६ मेगाबाइटच्या फाइली साचत जातात व डिस्क भरून डेटाबेस थांबतो. डिस्क भरण्याचे कारण शोधण्याआधी लॉग पुसणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

हव्या त्या क्षणापर्यंत पुनर्प्राप्ती : यंत्रबिघाडापेक्षा माणसाच्या हातून झालेल्या बदलामुळे पुनर्प्राप्तीची वेळ अधिक वेळा येते. समजा, दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी एका सभासदाचा ऊसदर दुरुस्त करण्याऐवजी अट न घातलेल्या आज्ञेमुळे सर्व सभासदांचा दर बदलला गेला. डिस्क ठणठणीत आहे, डेटाबेस चालू आहे, फक्त मजकूर चुकीचा आहे. अशा वेळी पहिले काम म्हणजे त्या तक्त्यावरील पुढील नोंदी थांबवणे, आणि दुसरे म्हणजे शेवटचा लॉग ताबडतोब वेगळा काढून घेणे. त्यानंतर अलीकडचा पूर्ण बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर, मूळ डेटाबेसला हात न लावता, उभा करतात आणि त्यावर लॉग २ वाजून ३९ मिनिटांपर्यंतच लागू करतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्येक टप्पा ‘नोरिकव्हरी’ (पुढील लॉग लागू करणे बाकी) स्थितीत ठेवून अखेरीस ‘स्टॉपअॅट’ने वेळ द्यावी लागते, पोस्टग्रेसमध्ये ती पुनर्प्राप्तीचे लक्ष्य म्हणून लिहितात, मायएसक्यूएलमध्ये बिनलॉगमधील नेमके स्थान शोधून तेथे थांबतात. तयार झालेल्या प्रतीतून फक्त जुने दर काढून मूळ डेटाबेसात भरले, म्हणजे दुपारनंतर काट्यावर झालेली वजने गमवावी लागत नाहीत.

येथे वेळेचा घोळ हमखास होतो. भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. दुपारचे २ वाजून ३९ मिनिटे म्हणजे अशा सर्व्हरच्या हिशोबाने सकाळचे ९ वाजून ९ मिनिटे. वेळेपुढे ‘अधिक ०५:३०’ न लिहिता १४:३९ असे दिले, तर सर्व्हर ती रात्रीची आठ वाजून ९ मिनिटे समजतो, चुकीची आज्ञाही पुन्हा लागू करतो, आणि तासभराचे काम वाया जाते.

दुसरा सर्व्हर सतत सोबत चालवणे, म्हणजे रेप्लिका, आणि एकाहून अधिक डिस्क जोडून केलेली रेड रचना, यांना कित्येक संस्था बॅकअप समजतात. डिस्क जळाली तर त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु वरच्या उदाहरणातील चुकीची आज्ञा रेप्लिकावर क्षणार्धात पोहोचते, आणि रेडच्या प्रत्येक डिस्कवर तीच चूक तंतोतंत लिहिली जाते. कामात खंड पडू नये म्हणून त्या आहेत. मागे जाता यावे म्हणून नाहीत.

प्रती कोठे ठेवाव्यात : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा ‘तीन-दोन-एक’ नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रांच्या संग्रहासाठी रूढ केला, तो आता सर्वत्र पाळला जातो. सोलापूरच्या छोट्या संस्थांत प्रत्यक्ष चित्र बहुधा असे दिसते: बॅकअप त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर पडतो, आणि एक बाहेरची हार्ड डिस्क सर्व्हरला वर्षभर जोडलेली असते. खंडणीखोर विषाणू सर्व्हरमध्ये शिरला, तर तो डी ड्राइव्ह व जोडलेली डिस्क दोन्ही कुलूपबंद करतो. जून २०१७ मधील नॉटपेत्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे कोलमडले. वापरकर्त्यांची निर्देशिका सांभाळणाऱ्या तिच्या सर्व्हरांपैकी घानामधील एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. संपूर्ण कंपनीची निर्देशिका त्या एका प्रतीवरून उभी करावी लागली. तेथे जे योगायोगाने घडले, ते येथे दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरून, व न जोडलेली दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवून, थोडक्या खर्चात ठरवून करता येते. ही पद्धत जुनाट वाटली तरी प्रस्तुत लेखकाच्या मते जिल्ह्यातील बहुसंख्य संस्थांसाठी आजही तीच सर्वांत भरवशाची आहे.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या साठ्यात, प्रत ठेवणे हा आता सुलभ पर्याय आहे. अॅमेझॉनच्या क्लाउडची केंद्रे मुंबईत २०१६ पासून व हैदराबादेत २०२२ पासून आहेत, आणि सोलापूर या दोन शहरांना जोडणाऱ्या मार्गावरच वसलेले आहे. मात्र प्रत वर पाठवण्याचा वेग सर्वजण पाहतात, खाली आणण्याचा पाहत नाहीत. ५०० गिगाबाइटचा बॅकअप १०० मेगाबिटच्या जोडणीवरून, ती पूर्ण वेगाने चालली असे धरले तरी, उतरवायला सुमारे ११ तास लागतात. आणि डेटाबेस उभा करण्याचे काम त्यानंतर सुरू होते. आरटीओ चार तासांचा ठरलेला असेल, तर एक ताजी प्रत जवळच असली पाहिजे आणि क्लाउडवरील प्रत आग, चोरी किंवा हल्ला यांसाठी राखीव मानली पाहिजे. क्लाउडच्या खात्यात ठरावीक मुदतीपर्यंत प्रत कोणालाच, प्रशासकालाही, पुसता येणार नाही अशी सोय असते. ती चालू करणे आवश्यक आहे.

पडताळणी : बॅकअप ‘यशस्वी’ असा संदेश येणे आणि त्यावरून डेटाबेस उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिल्याने सुमारे ३०० गिगाबाइटचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था असूनही त्या वेळी एकही नीट कामी आली नाही. पीजी डंपची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने तो काही काळापासून निष्फळ होत होता, आणि तसे सांगणारे ईमेल स्वीकारलेच जात नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवरून) कंपनी सावरली, व मधल्या वेळेतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हा सर्व तपशील स्वतःहून प्रसिद्ध केला, हा तिचा या क्षेत्रावर उपकारच आहे.

एसक्यूएल सर्व्हरची ‘व्हेरिफायओन्ली’ आज्ञा किंवा पोस्टग्रेसचे पीजी व्हेरिफायबॅकअप हे साधन फाइल शाबूत आहे का एवढेच पाहते. आतील मजकूर योग्य आहे की नाही, हे प्रत्यक्ष उभारल्यावरच कळते. उभारलेल्या डेटाबेसवर अंतर्गत तपासणी चालवावी, आणि मग व्यवसायातील माणसाला समजेल असा एखादा आकडा, जसे कालच्या गाळपाचे एकूण टनेज किंवा पतसंस्थेच्या ठेवींची बेरीज, छापील अहवालाशी जुळवून पाहावा. ही जुळवणी शेतकी विभागातील किंवा लेखा विभागातील माणसाने केली, तर तिला अधिक वजन येते. किती मिनिटे लागली तेही दरवेळी नोंदवावे, कारण आरटीओची खरी किंमत याच नोंदीतून कळते. साखर कारखान्यांना अशा पूर्ण तालमीसाठी हंगाम संपल्यानंतरचे उन्हाळ्याचे महिने सोयीचे पडतात. तरीही हंगामाच्या ऐन भरात, डेटाबेस सर्वांत मोठा झालेला असताना, एकदा ती करणे अधिक बोधप्रद ठरते.

कायदेशीर बाजू : कंपनी कायद्याखालील लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत द्यावी लागते. वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. या शेवटच्या तरतुदीचा तांत्रिक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. पोस्टग्रेसचा भौतिक बॅकअप त्याच मुख्य आवृत्तीवर उघडतो, आणि एसक्यूएल सर्व्हरचा नव्या आवृत्तीतील बॅकअप जुन्यावर उघडत नाही. म्हणून दीर्घ मुदतीच्या प्रतीसोबत त्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर, परवाना आणि एक तार्किक प्रतही जपावी लागते.

पुनर्प्राप्तीची कृती लिहून ठेवलेली असणे एकट्या प्रशासकावर चालणाऱ्या संस्थांत विशेष महत्त्वाचे ठरते, कारण सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेली मुले अनुभव मिळताच पुणे-हैदराबादकडे जातात आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जातात. ही कृती मराठीत, आज्ञांच्या नेमक्या ओळींसह, छापून ठेवावी. डेटाबेस बंद असताना त्याच सर्व्हरवरील दस्तऐवज उघडता येत नाही. बॅकअप कूटबद्ध केलेला असेल, तर त्याची किल्ली बॅकअपसोबत न ठेवता वेगळी, लिफाफ्यात मोहोरबंद करून, किमान दोन जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात द्यावी, आणि प्रशासक बदलला की नव्या प्रशासकाने कार्यभार स्वीकारण्यापूर्वी ती किल्ली वापरून एक पूर्ण पुनर्प्राप्ती करून दाखवावी.